मचव्यातला विसावा

ख्रिस्ती मनुष्याने केवळ विसाव्यासाठी पैसा खर्च करावा काय? करावा असे म्हटले, तर तो किती करावा, कसा करावा आणि कोणाच्या श्रमावर करावा? हा प्रश्न आपल्या वाडवडिलांपुढे फारसा आला नाही. त्यांच्या हाती पैसा नव्हता आणि सुट्टीही नव्हती. आता तो आपल्या घराघरांत येऊन बसला आहे. म्हणून देवाच्या वचनाच्या उजेडात त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

आमच्या मंडळीतील एका निवृत्त शिक्षक दांपत्याने हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. गुरुजींनी आणि बाईंनी पस्तीस वर्षे मुले शिकवली, आईवडिलांची सेवा केली, दोन मुलांची लग्ने केली. आता मुलगा म्हणतो, "तुम्ही दोघांनी कधी विश्रांती घेतली नाही. मुंबईहून मोठ्या जहाजाने चार दिवस फिरून या." गुरुजींना ती गर्दी नको आहे. जायचेच तर एखाद्या लहान बोटीने, शांतपणे, किनारा बघत जावे असे त्यांना वाटते. बाईंची अडचण वेगळीच आहे. त्या म्हणाल्या, "आपल्या गल्लीत रात्री दहापर्यंत माग खडखडत असतात. ते सोडून आपण पाण्यावर जाऊन स्वस्थ बसायचे, हे प्रभूला आवडेल का?" प्रश्न भोळा दिसला तरी सोपा नाही.

आमचे खासबाग ही विणकरांची वस्ती. शहापूर, वडगाव आणि खासबाग या भागांत हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. माग चालला तर घर चालते, हा येथला रोकडा हिशेब. तिकडे निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या बायका. जितक्या विड्या, तितकी मजुरी. एक दिवस हात थांबला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. अशा मुलखात विसावा हा शब्दसुद्धा चैनीचा वाटतो. २०२० च्या टाळेबंदीत माग आठवडेच्या आठवडे बंद राहिले. तेव्हा सर्वांना सुट्टी होती, पण विसावा कोणालाच नव्हता. उद्याची चिंता उशाशी घेऊन रिकामे बसणे म्हणजे विसावा नव्हे, हा धडा त्या वर्षाने आपल्याला चांगलाच शिकवला.

समुद्रप्रवास आपल्या लोकांना नवा नाही. बेळगावचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जाई आणि मुंबईला जाणारे आपले लोकही आंबोलीच्या घाटाने उतरून तेथेच आगबोट धरीत. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला जाई. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावे जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहेत. धक्का नसेल तेथे बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत. डेकवर वळकट्या पसरलेल्या, शेजारी ट्रंका, पोरांची रड, कोणाला बोट लागलेली. त्या बोटीत कोणी विसाव्यासाठी चढत नसे. पोटासाठी, लग्नकार्यासाठी, मयतासाठी चढत. पावसाळ्यात ती सेवा बंद असे. पुढे रस्ते सुधारले आणि ती बोट कायमची थांबली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावू लागली, तोवर बोटीचा जमाना संपलेला होता.

आज जहाज परत आले आहे, पण पोहोचण्यासाठी नव्हे, तर राहण्यासाठी. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई ते गोवा अशी 'आंग्रिया' सुरू झाली. शंभरएक खोल्या आणि सुमारे चारशे माणसे, एवढा तिचा आवाका होता. महासाथीच्या काळात ती बंद पडली. त्यानंतर २०२१ पासून मुंबईहून जी मोठी जहाजे निघू लागली, त्यांत दीड हजाराहून अधिक प्रवासी मावतात. उलट टोकाला २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून 'गंगा विलास' निघाले. अठरा खोल्या आणि फक्त छत्तीस प्रवासी. बांगलादेशातून वळसा घेऊन दिब्रुगडपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरचा आणि ५१ दिवसांचा प्रवास. केरळात आलेप्पीच्या बाजूला भात वाहून नेणाऱ्या जुन्या धर्तीच्या नावांना वर छप्पर घालून राहण्याच्या होड्या केल्या आहेत. त्यांत एखाददुसरे कुटुंब आणि नाव हाकणारे व रांधणारे तीनचार जण, एवढाच संसार. तेव्हा लहान बोटीने जाऊन निवांत राहणे ही आता राजेमहाराजांचीच गोष्ट राहिली नाही. पैसे साठवले तर शिक्षकाच्याही आवाक्यातली ती झाली आहे, आणि म्हणूनच प्रश्न उभा राहिला.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. विसावा घेणे हे पाप आहे काय? मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शिष्य सेवा करून परत आले, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी वर्दळ होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. प्रभूने त्यांना आणखी काम दिले नाही. एकान्ती चला आणि थोडा विसावा घ्या, असे त्याने सांगितले. आणि ते कशाने गेले? मचव्याने! वचनात हे स्पष्ट आहे. १९८६ साली गालील समुद्राच्या काठच्या चिखलात पहिल्या शतकातील एक मचवा सापडला. त्याची लांबी सुमारे सत्तावीस फूट आणि रुंदी सुमारे साडेसात फूट आहे. प्रभू ज्या मचव्यात बसला तो हाच, असे कोणी म्हणू नये. पण त्या काळचे मचवे केवढे असत याचा अंदाज त्यावरून येतो. बारा शिष्य आणि त्यांचा गुरू त्यात जेमतेम बसतील. विसाव्यासाठी लहान बोटीने जाणे ही कल्पना प्रवासी कंपन्यांनी काढलेली नाही, असे आम्ही गुरुजींना हसत हसत म्हणालो.

पण त्या अध्यायात पुढे काय झाले तेही वाचले पाहिजे. लोक किनाऱ्याकिनाऱ्याने पायी धावत पुढे गेले आणि मचवा लागला तेव्हा समोर मोठा समुदाय उभा! प्रभू त्यांच्यावर रागावला नाही, मचवा वळवून दुसरीकडेही गेला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते दिसले आणि त्याला त्यांचा कळवळा आला. म्हणजे विसावा ही देवाची आज्ञा आहे, परंतु तो कळवळ्याला बंद केलेला दरवाजा नव्हे. मचव्यात जितका वेळ मिळाला तितका विसावा प्रभूने शिष्यांना घेऊ दिला, आणि किनारा आला तेव्हा किनाऱ्यावरची माणसे पाहिली. या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात आहेत. आपण त्यांपैकी एकच उचलतो आणि घोटाळा होतो.

आता पैशाचा प्रश्न. "हे पैसे गरिबांना दिले असते तर?" असे मंडळीत कोणीतरी म्हणतेच. बेथानी येथे मरीयेने मौल्यवान सुगंधी तेल ओतले तेव्हा हाच प्रश्न यहूदाने विचारला होता. म्हणून तो प्रश्न खोटा ठरत नाही. मात्र तो दुसऱ्याच्या पाकिटाकडे बोट दाखवून विचारला की त्याला यहूदाचा वास येतो, आणि स्वतःच्या पाकिटाला विचारला की त्यातून आत्मपरीक्षण घडते. आमच्या मते येथे साधा क्रम आहे. आधी देवाचा वाटा, मग देणी, मग घरच्यांच्या गरजा, आणि त्यानंतर जे उरेल त्यातून विसावा. कर्ज काढून विसावा घेऊ नये. कोणाचे ऋण ठेवू नका, ठेवायचेच तर प्रीतीचे ठेवा, असे पौल रोमकरांस सांगतो. चार दिवस पाण्यावर स्वस्थ बसायचे आणि पुढे दोन वर्षे हप्ते फेडत रात्री जागायचे, यात विसावा कोठे राहिला? गुरुजींचा पैसा साठवलेला आहे, कोणाचे देणे नाही आणि दशमांश कधी चुकलेला नाही. असे असता तो पैसा देवाने दिलेल्या आयुष्याच्या संध्याकाळी एकमेकांच्या सोबतीसाठी खर्च करणे हे उधळेपण आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

पण खरा पेच याच्या पुढे आहे. शब्बाथाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा आली आहे. निर्गमात तिचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे आहे: देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र दुसरे कारण दिले आहे. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, आणि तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासीलाही विसावा मिळू दे. हा 'तुझ्याप्रमाणे' शब्द फार महत्त्वाचा आहे. ज्या विसाव्यात सेवा करणाऱ्याला विसावा नाही, तो देवाच्या दृष्टीने अर्धाच विसावा.

जहाजावरच्या विसाव्याला हा नियम लावून पाहा. आपण डेकवर खुर्ची टाकून मावळता सूर्य बघत असतो, तेव्हा खाली कोणी भांडी घासत असते, कोणी इंजिनाच्या उकाड्यात उभे असते, कोणी आपल्या बिछान्याची चादर बदलत असते. ही माणसे कोण? त्यांत गोव्याची, कोकणाची आणि आपल्याही भागातली मुले असतात. गोव्यात तर जहाजावर नोकरी ही कित्येक पिढ्यांची वाट आहे. महिनेच्या महिने घरापासून दूर, नाताळ समुद्रावर, आईचे आजारपण फोनवर. २००६ साली जिनीव्हा येथे खलाश्यांच्या श्रमासंबंधी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ पासून अमलात आहे आणि २०१५ साली भारतानेही त्याला मान्यता दिली. त्यात विश्रांतीची किमान मर्यादा अशी घातली आहे: चोवीस तासांत निदान दहा तास आणि सात दिवसांत निदान सत्त्याहत्तर तास. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. सत्त्याहत्तर वजा केले तर एक्याण्णव उरतात. म्हणजे आठवड्याला एक्याण्णव तासांपर्यंत काम करून घेतले तरी विश्रांतीची ती मर्यादा मोडत नाही. यंत्रमागावरची बारा तासांची पाळी पाहिलेल्या आपल्या लोकांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. बाईंना गल्लीतला जो खडखडाट सोडून जाण्याचा संकोच वाटतो, तो खडखडाट जहाजावरही आहे. फक्त तो गालिच्याखाली दडवलेला आहे.

मग जाऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. बोट बंद झाली तर त्या मुलांची भाकरीच जाईल. महासाथीत हे पुष्कळांच्या अनुभवास आले. परंतु कोणत्या बोटीने जावे हे ठरवताना हा प्रश्न विचारावा, आणि येथेच लहान आणि मोठे हा भेद कामाचा ठरतो. दीड हजार माणसांच्या जहाजावर सेवा करणारा दिसतच नाही. रात्रीतून खोली आवरली जाते, टेबलावर ताट येते, पण ते आणणारा हात कोणाचा होता हे कळत नाही. तेथे करमणूक इतकी असते की शेवटी माणूस विसावा घेण्याचेच विसरतो. लहान होडीत मात्र नाव हाकणाऱ्याचे नाव ठाऊक होते. तो जेवला की नाही हे दिसते, त्याच्या मुलीच्या शाळेची विचारपूस होते. किनारा जवळ असतो, किनाऱ्यावर कपडे धुणारी बाई दिसते, जाळे टाकणारा दिसतो. आलेप्पीच्या होड्यांचा एक दंडक फार बोलका आहे: संध्याकाळ झाली की त्या काठाला बांधून ठेवतात, कारण त्या वेळी कोळी पाण्यात जाळी टाकतात. पाहुण्याची सहल थांबते आणि कोळ्याचा धंदा सुरू होतो. सहलीला आलेल्याने मानावी अशी ही मर्यादा आहे.

तरीही लहान म्हणजे पवित्र, असे समजू नये. छत्तीस माणसांच्या जहाजावर ५१ दिवस राहणे हे मोठ्या जहाजावरील चार दिवसांपेक्षा कितीतरी खर्चिक असते. तेथे लहानपण साधेपणासाठी नसून वेगळेपणासाठी असते. आम्हाला गर्दी नको, या वाक्याखाली कधी कधी आम्हाला ती माणसे नकोत, हे वाक्य लपलेले असते. आणि लहान बोट सुरक्षित असतेच असेही नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यातील वादळी समुद्रात उलटली. अमावास्येसाठी घरी निघालेल्या लोकांनी ती खच्चून भरली होती आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. म्हणून बोट निवडताना तिचा परवाना, माणसे किती घेतात, अंगात घालायची जाकिटे पुरेशी आहेत की नाहीत आणि ऋतू कोणता, हे विचारण्यात अविश्वास नाही, शहाणपण आहे. उलट प्रेषितांच्या कृत्यांत सत्ताविसाव्या अध्यायात पौल ज्या गलबतावर होता, त्यावर दोनशे शहात्तर माणसे होती. कैदी, शिपाई, खलाशी असे सगळे. वादळात पौलाने भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि सर्वांना धीर देऊन खायला लावले. जहाज मोठे होते, पण पौलाने कोणाला परके राहू दिले नाही. म्हणजे लाकडाच्या लांबीवर काही नाही. आपल्या सोबत कोण आहे हे पाहण्याची दृष्टी आहे की नाही, यावर सर्व अवलंबून आहे. लहान बोटीत ती दृष्टी ठेवणे सोपे जाते, इतकेच.

पवित्र शास्त्रात तारवात झोपलेली दोन माणसे आहेत. एक योना. त्याने याफो येथे तार्शीशला जाणारे तारू पाहिले, भाडे भरले, तळाशी जाऊन पडला आणि त्याला गाढ झोप लागली. वरती खलाशी जिवाच्या भीतीने माल समुद्रात टाकत होते, ते त्याच्या गावीही नव्हते. दुसरा आपला प्रभू. तो मचव्याच्या मागच्या बाजूस उशी घेऊन निजला होता आणि तेव्हाही वादळच होते. बाहेरून पाहिले तर दोन्ही झोपा सारख्याच. पण योना देवापासून पळून झोपला होता आणि प्रभू पित्यावर विसंबून झोपला होता. योनाला हाक मारून उठवले तेव्हा त्याने आपणामुळेच वादळ आल्याचे सांगितले. प्रभूला उठवले तेव्हा वादळ शमले. सुट्टीवर निघणाऱ्या प्रत्येकाने भाडे भरण्यापूर्वी स्वतःला एवढे विचारावे: मी योनासारखा निघालो आहे की प्रभूसारखा? घरातले भांडण, आजारी भाऊ, मंडळीतली नकोशी झालेली जबाबदारी यांपासून मी पळत आहे काय? तसे असेल तर ते वादळ बोटीवर आपल्या आधी चढलेले असते.

आपल्या बेळगावचे एक उदाहरण येथे आठवते. बाबा पदमनजी यांचा जन्म येथलाच, १८३१ सालचा, आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही येथेच झाला. १८५७ साली त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिल्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, आणि त्या फिरण्यात तिला काय दिसते? तर हिंदुस्थानातील विधवांची स्थिती. पर्यटन हा शब्द आपण आज मौजेसाठी वापरतो. बाबांनी तो डोळे उघडण्यासाठी वापरला. फिरून आल्यावर मनुष्य अधिक कनवाळू झाला, तर ते पर्यटन ख्रिस्ती म्हणावे. फिरून आल्यावर त्याला आपले घर, आपली गल्ली आणि आपली माणसे बेचव वाटू लागली, तर त्याचे भाडे फार महाग पडले असे समजावे.

शेवटी मंडळीसाठी एक गोष्ट. विसावा ही देवाची देणगी आहे, तर ती ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांच्यापुरतीच कशी राहील? आपल्या मंडळीत अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा वर्षानुवर्षे करणारी बहीण असते. तिला बोट नको, तिला एक रात्र सलग झोप हवी. मागावर पाळी करून रविवारी उपासनेला बसणारा भाऊ असतो. उपदेश चालू असता त्याची मान डुलते आणि आपण त्याच्याकडे रागाने पाहतो. खरे म्हणजे तेथे प्रभूच त्याला उशी देत असेल! महिला मंडळाने आणि तरुण संघाने पाळी लावून अशा घरी दोन दिवस जावे, रुग्णाजवळ बसावे, स्वयंपाक करावा आणि त्या बहिणीला माहेरी पाठवावे. विसाव्यासाठी जो पैसा आपण काढून ठेवतो, त्यातला एक भाग अशा विसाव्यासाठी द्यावा. स्वतःच्या सुट्टीचा दशमांश का असू नये? जो सहलीला जाईल त्याने बोटीवरील सेवकाला त्याच्या नावाने हाक मारावी, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि मजुरीवर वरकड काही देताना हात आखडू नये.

गुरुजींना आणि बाईंना आम्ही हुकूम दिला नाही. तो आमचा अधिकार नव्हे. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. जो जातो त्याने राहणाऱ्याला कद्रू म्हणू नये, आणि जो राहतो त्याने जाणाऱ्याला देहस्वभावी म्हणू नये. दोघांनीही देवाचे आभार मानावेत.

देवाच्या लोकांसाठी एक विसावा अजून राखून ठेवलेला आहे, असे इब्री लोकांस पत्रात लिहिले आहे. त्याचे तिकीट कोणाला विकत मिळत नाही. ते वधस्तंभावर आपल्यासाठी भरून झाले आहे. त्या तारवात वरचा डेक आणि खालचा डेक असा भेद नाही, आणि तेथे स्वतः धनी कंबर बांधून दासांना जेवायला बसवील, असे प्रभूने सांगितले आहे. पृथ्वीवरच्या आपल्या लहानसहान विसाव्यात त्या मोठ्या विसाव्याची थोडी तरी ओळख पटावी आणि आपल्यामुळे आणखी एका थकलेल्या माणसाला ती पटावी, असे प्रभू करो. आमेन.